भिंतीवरची वाव

शुक्रवार, ३ जानेवारी

ही वही सुकन्याची हाय. पुढून तिचे बाण कुठं कुठं लागले त्याचे आकडे, मागून मी. "आज्जे, दिवसभर माझ्या डोक्यावर बोलण्यापरीस लिहीत जा," म्हणली नातीनं. चौथी शिकलेय. तक्रार लिहायला तेवढं पुरतं.

पहिली तक्रार. मी अडकले. दिवाळी झाल्यावर दोन माणसांनी मला खुर्चीत बसवून बेचाळीस पायऱ्या वर आणलं, पोतं ठेवावं तसं ठेवलं अन् गेले. उजवा गुडघा कामातून गेलाय, तवापासून खाली उतरले न्हाई. उमापूरला माझं अंगण हाय, दोन म्हशी हायत, भांडायला शेजारची छबुबाई हाय. इथं बीडला तिसरा मजला, एक खोली, एक मोरी अन् मागं हातभर गॅलरी.

कावून आणलं? तर माझ्या लेकाला, अमरसिंहाला, पोरगी शहरात एकटी ठेवायची न्हाई. "माय, तू नुसती बसून राहा. तू असलीस की लोक बोलत न्हाईत." म्हणजे मी कुलूप. कुलपाला कुणी विचारतं का, करमतं का म्हणून?

सुकन्या कॉलेजात पहिल्या वर्षाला हाय अन् धनुष्यबाण खेळती. बांबूचं धनुष्य, लाकडी बाण. पंचवीस तारखेला जिल्ह्याची निवड हाय. निवड झाली तर बीडमधी राहायचं, खेळायचं. न्हाई झाली तर तळवाड्याचं स्थळ तयार हाय. बापानं तिला तोंडावर सांगितलंय.

इथं वाचणारं कुणी न्हाई म्हणून खरं लिहिते. निवड न्हाई झाली तर मी घरी जाईन.

रविवार, ५ जानेवारी

गॅलरीतून मागचं मैदान दिसतं. सरळ खाली. तोंडं दिसत न्हाईत, भांग दिसतात. अकरा पोरी रांगेत उभ्या राहतात, मागून शिकवणारे रविराज सर फिरतात. त्यांना भांग न्हाई, नुसतं टक्कल. दहा पोरी एका उंचीच्या, अन् आमची मधी, ज्वारीत सूर्यफूल उगवावं तशी.

इमारत पाशाभाईची. खाली त्याचं सुतारकाम चालतं. पलंग, दरवाजे अन् क्लासची धनुष्यं, बाणसुद्धा तोच करतो. त्याची पोरगी मुबश्शिरा आमचीच्या शेजारी उभी राहून खेळती. मला नानी म्हणती, बोरं आणून देती. बोलण्यात गोड, बोरं मात्र आंबट.

आज सुकन्या निघाली तर दाराच्या चौकटीला कपाळ आपटलं. म्हणलं, मान खाली घाल, खांदे आत घे, छाती काढून चालू नको. पाच फूट आठ इंचाच्या पोरीला नवरा कुठून आणायचा, नारळाच्या बागेतून? आमची एक खूण ठरलेली हाय. चारचौघांत मी दोन बोटं खाली केली की तिनं खांदे पाडायचे. सहावीत होती तवापासून. आता तर बोटं हलायच्या आधी खांदे पडतात.

मलाबी असंच शिकवलं. आमचे मालक माझ्या कानाएवढे होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं चुलीपाशी सांगितलं, वाकून चालत जा. पन्नास वरीस पाळलं. काय बिघडलं माझं?

सोमवार, ६ जानेवारी

पोरगी जेवली न्हाई. बाण सगळे डाव्या अंगाला जातात म्हणं. सर म्हणले, ताकद हाय, उंची हाय, पण मनाची कच्ची हाय. मी म्हणलं, मग भाकरी थापायची सवय कर, तिथं मन लागत न्हाई.

ती भिंतीकडं तोंड करून म्हणली, "निवड न्हाई झाली तर तू घरी जाशील ना आज्जे? तुला बरंच होईल."

मी हे कुणाला बोलले न्हवते. पोरगी तोंडावरनं ओळखती.

गुरुवार, ९ जानेवारी

करायला काम न्हाई म्हणून गॅलरीत बसून पोरी बघते. आज एक गोष्ट ध्यानात आली. बाकीच्या पोरींनी दोरी ओढली की उजवा कोपर सरळ मागं जातो. बाणाचं टोक, मूठ, कोपर, सगळं एका रेषेत, सूत धरून आखल्यासारखं. आमचीचा कोपर बाहेर राहतो, कोंबडीनं पंख अर्धा उघडावा तसा. दोरी हनुवटीपर्यंत येतच न्हाई. अर्ध्यातच सोडती.

खालून सरांना ते दिसत नसंल. ते बाजूनं बघतात, मी वरनं. असो. मला काय करायचंय?

शनिवार, ११ जानेवारी

वाईट झालं. माझ्यामुळं झालं असं सर म्हणतात.

सकाळी ती ओढत होती, अर्ध्यात थांबत होती, मला राहवलं न्हाई. वरनं ओरडले, "अगं ओढ की अजून! अर्ध्यात कावून थांबतीस?" माझा आवाज आला की ती आधी ऐकती अन् मग विचार करती. तिनं ओढलं. कोपर गेला मागं, पार रेषेत. मला वाटलं, झालं की! पण बाणाचं टोक धनुष्याच्या मागं येऊन मुठीवर पडलं अन् तिनं दोरी सोडली. बाण डाव्या अंगठ्याच्या बुडात घुसला.

सर वर बघून ओरडले, "आजीबाई, वर बसून क्लास घेऊ नका!" अकरा भांगांची अकरा तोंडं झाली.

मी जिन्यापर्यंत गेले. एका बाजूला भिंत, दुसरी बाजू उघडी, धरायला काही न्हाई. पहिल्या पायरीवर बसले. खालून तिचा आवाज येत होता, मग रिक्षाचा आवाज, मग काहीच न्हाई. कठडा असता तर उतरले असते. नुसता एक बांबू ठोकलेला असता तरी उतरले असते.

तीन टाके पडले. मुबश्शिरा तिला घेऊन आली. मी म्हणलं, "हात धू अन् जेव." दुसरं काय बोलणार? वरण करपलं होतं. दोघींनी तेच खाल्लं.

अमरसिंहाचा फोन आला. तळवाड्याचे लोक एकोणीस तारखेला येतात, इथंच, बीडला. "हात झाकून ठेवायला सांग," म्हणला.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. पाशाभाई तिळगूळ घ्यायला म्हणून वर आला, पण हातात तो बाण होता. खाली बसला. तिळगूळ तसाच तळहातावर.

"मावशी, खरं बोला. वरनं काय बघितलं तुमी?"

"इतरांचा कोपर मागं जातो, हिचा बाहेर राहतो. त्या दिवशी मागं गेला तर बाण संपला. तूच सांग, बाण करणारा तू हायस."

"बाणात नुक्स न्हाई मावशी, खोट न्हाई. पंधरा वर्षं हाच माप. साचा हाय ना माझ्याकडं."

"कुणाच्या अंगाचा साचा?"

त्यानं डोकं खाजवलं. "पयल्या बॅचला एक पोरगी होती, तिची वाव घेतली. नंतरच्या समद्या तेवढ्याच असतात."

"म्हणजे एकीच्या मापानं साऱ्या गावाच्या चोळ्या शिवल्यास."

तो हसला न्हाई. म्हणला, त्याच्या उस्तादाचा हिशेब वेगळा होता. माणसानं दोन्ही हात पसरले की एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत जी लांबी भरती ती वाव. तिचे अडीच भाग करायचे. एक भाग म्हणजे त्या माणसाची दोरी किती मागं येणार ते. सर त्याला ड्रॉ लेंथ म्हणतात. बाण त्याच्यापेक्षा दोन बोटं जास्तीचा ठेवायचा, म्हणजे टोक मुठीवर येत न्हाई. "पण अडीच भाग करत कोण बसंल? साचा सोपा पडतो."

अडीच भागात काय अवघड हाय? मी गोधड्या शिवल्यात. वाव घेऊन दोरा तोडायचा, पाच घड्या करायच्या, त्यातल्या दोन धरायच्या. झाला अडीचवा भाग. पाशाभाई माझ्याकडं बघतच राहिला. म्हणला, "या अल्ला, मावशी, तुमी तर उस्ताद निघाल्या." म्हणलं, तिळगूळ खा आधी, पाघळायलाय.

आधी मुबश्शिराला वर बोलावून भिंतीला लावून उभी केली. दोरा तोडला, पाच घड्या, दोन धरल्या. बाण त्याच्यापुढं दोन बोटं. बरोबर. साचा जणू तिच्याच अंगाचा.

मग आमची. पाठ भिंतीला, हात पसरले, मी पेन्सिलीनं दोन खुणा केल्या. पाशाभाई म्हणला, "बेटी, खांदे उघड." ती म्हणली, उघडेच हायत. तो म्हणला, "अजून." अन् माझ्या डोळ्यादेखत तिचे हात दोन्हीकडं सरकले. आधीच्या खुणा दोन-दोन बोटं आत राहिल्या. दुसऱ्या खुणा कराव्या लागल्या. बाहत्तर इंच भरली. तिच्या उंचीपेक्षा चार इंच जास्त! एवढे हात हिनं ठेवले होते कुठं?

दोरा घेतला, दोन घड्या बाणाशी लावल्या. बाण संपला अन् दोरा चार बोटं उरला.

म्हणजे पोरीनं पुरतं ओढलं की बाण हातात घुसणार, न्हाई ओढलं की कोपर बाहेर राहणार अन् बाण डावीकडं जाणार. ती कच्ची न्हवती. बाण आखूड होता.

"खांदेबी मिटलेले हैत मावशी," पाशाभाई म्हणला. "असे खांदे जन्माचे नसतात. कुणीतरी सांगितलेलं असतं."

मी तीळ निवडत होते. निवडतच राहिले. "लोकांना दुसरं काम न्हाई," म्हणलं.

सुकन्या भिंतीवरच्या खुणांवर बोट फिरवत बसली.

गुरुवार, १६ जानेवारी

खालून रंध्याचा आवाज येतो. नुसते बाण लांब करून भागत न्हाई. जुनं धनुष्य एवढं ओढलं तर मधी चिरंल म्हणतो पाशाभाई. त्याच्याकडं एक बांबू तीन वरीस माळ्यावर वाळत पडला होता, साच्यात बसत न्हाई म्हणून बाजूला टाकलेला. तोच काढलाय.

सर आधी चिडले. निवडीला नऊ दिवस राहिलेत अन् हातातलं धनुष्य बदलायचं? पाशाभाईनं सांगितलं, "सर, चुकी माझ्या साच्याची हाय. पोरीच्या माथी नका मारू." मुबश्शिरा म्हणली, अब्बांना चुकी कबूल करताना मी पयल्यांदा बघितलं.

इकडं मी सुकन्याला म्हणलं, "खांदे उघडून उभी राहा. सवय कर." ती माझ्याकडं अशी बघायली, जसं मी तिला डोक्यावर पाय ठेवून चालायला सांगितलं. उभी राहिली. घटकेत थरथरायला लागली, खांदे आपोआप मिटले. परत उघडले. परत मिटले. दुपारभर तेच.

"आज्जे, रविवारी काय करू?" रविवारी तळवाड्याचे लोक.

"रविवारी मिटून घे. रविवारचं रविवारी."

"अन् सोमवारी परत उघडू?"

उत्तर द्यायला गेले तर उचकी लागली.

रविवार, १९ जानेवारी

येऊन गेले. नीट लिहिते, उद्या कुणी विचारलं तर.

मुलगा रामेश्वर, त्याची आई विजयमालाबाई, मामा अर्जुनराव. बेचाळीस पायऱ्या चढून तिघं धापा टाकत आले, त्यामुळं सुरुवातीला बोलणं बेताचं झालं. अमरसिंह सकाळीच आला होता. चहाची खुर्ची बुटकी घेतली, पोरीला सपाट चप्पल घालायला लावली, टाक्यांवर पदर आला. सगळं ठरल्यापरमाणं.

चहा झाला. विजयमालाबाई म्हणल्या, "दोघांचा एक फोटो काढू. ऊठ बाळा, रामेश्वरशेजारी उभी राहा."

सुकन्या उठली. उठल्यावर माझ्याकडं बघितलं. अमरसिंहानंबी माझ्याकडं बघितलं. त्याला खूण माहीत हाय, त्याच्यासमोरच शिकवली.

माझा हात मांडीवर पदराखाली होता. दोन बोटं काढायला गेले तर पदर बोटांत गुंतला. गुंतला म्हणजे गुंतला. म्हातारीच्या हाताला काय, कशातबी गुंततो.

ती थांबली. अर्जुनरावांचा मोबाइल वर धरलेला तसाच. मग तिचे खांदे उघडले. परवा थरथरले होते, आज थरथरले न्हाईत. ती भिंतीवरच्या दुसऱ्या खुणांच्या बरोबर समोर उभी होती. रामेश्वर तिच्या भुवईपर्यंत आला.

"अगं बाई, केवढी ही!" विजयमालाबाई म्हणल्या.

"केवढी म्हणजे? हाय तेवढी," मी म्हणलं.

पोरगं बरं होतं. म्हणलं, "मामा, मला स्टूल द्या न्हाईतर फोटोत फक्त टोपी येईल." आमची फसकन हसली. त्याची आई हसली न्हाई. अर्धा कप चहा तसाच ठेवून निघाली.

जिन्यातून त्यांचे आवाज गेल्यावर अमरसिंह म्हणला, "माय, खूण कावून केली न्हाईस?"

"थंडीनं बोटं आखडतात रे."

"सात वरीस आखडली न्हाईत ती."

"आता आखडली. तुझं वय झालं की तुझीबी आखडतील."

जाताना पोरीकडं बघून म्हणला, "पंचवीसला बघू. न्हाई झाली निवड तर दुसरं स्थळ हाय. अन् ते उंच हाय, तवा आज्जीच्या बोटांवर काही अवलंबून न्हाई."

शुक्रवार, २४ जानेवारी

सोमवारी टाके निघाले. नवं धनुष्य तिच्या कानाला लागतं. बाण लांबीला वेगळे दिसावेत म्हणून मुबश्शिरानं त्यांना लाल दोरा गुंडाळलाय. पहिले दोन दिवस बाण मैदानाच्या भिंतीवर गेले, सरांनी डोक्याला हात लावला. काल-परवापासून येतात जागेवर.

आज वरनं बघितलं. टोक, मूठ, कोपर, एक रेष. मी ओरडले न्हाई.

उद्या निवड. न्हाई झाली तर मी कुठं असंन ते तीन तारखेला लिहिलंय. परत लिहीत न्हाई.

शनिवार, २५ जानेवारी

निवड स्टेडियमवर, म्हणून मागचं मैदान रिकामं. एक शेळी आली, तिनं गवताच्या निशाणाची एक बाजू खाल्ली. तेवढंच बघायला होतं.

जाताना सुकन्या पाया पडायला वाकली. म्हणलं, आज वाकू नको, खांद्याची घडी मोडंल.

दुपारी दोनला खालून मुबश्शिराची आरोळी. "नानी! सुकन्या तिसरी! चौघी घेतल्या!"

"ओरडू नको, बहिरी न्हाई मी. तुझं काय झालं?"

"पाचवी. राखीव!" असं सांगितलं जसं काही पहिलीच आली.

अमरसिंहाचा फोन आला. म्हणला, शब्द दिला होता. खेळू दे वर्षभर. "पण माय, मग तुला तिथंच..."

"कळलं," म्हणलं अन् ठेवला.

झालं. माझ्या हातानं लावून घेतलं. वर्षभर बेचाळीस पायऱ्या वर. छबुबाईला आता एकटीनंच भांडावं लागणार.

सुकन्या आली. माझ्यापुढं बसून रडायली. म्हणलं, "जिंकून रडतीस, हरून जेवत न्हाईस. तुझं काही सरळ हाय का?" ती म्हणली, कोपर.

रविवार, २ फेब्रुवारी

पोरगी सरावाला गेली होती. मी भिंतीला पाठ लावून हात पसरले. सहज. पाठ पुरती टेकत न्हाई, मधून वाटी जाईल एवढी फट राहती. डावं बोट तिच्या आतल्या खुणेवर ठेवलं अन् उजव्या हातानं चाचपलं.

बाहेरच्या खुणेला पोचले न्हाई. आतल्या खुणेला बरोबर लागलं, खांदे मिटून उभी होती तवाच्या.

दोरा होता, पाच घड्याबी करून बघितल्या. मग तो दोरा गोधडीला वापरला. चांगला दोरा वाया कावून घालवायचा?

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी जिन्यात ठोकाठोकी. जाऊन बघते तर पाशाभाई उघड्या बाजूला खांब रोवायलाय. धनुष्यातून उरलेले अन् आणखी चार बांबू.

"हे काय रे?"

"कठडा. सुकन्या बोलली, आज्जीला धरायला बांबू पायजे, मग ती उतरंल."

मी त्या पोरीला असं कधी बोलले न्हाई. कुणालाच न्हाई. ही वही सोडून.

ती खाली वाकून खिळे धरत होती. वर बघितलं न्हाई. वहीसाठी दुसरी जागा शोधावी लागणार. पण उपयोग न्हाई, वाचायचं तेवढं तिनं आधीच वाचलंय.

"मावशी, इकडं या. साचा न्हाई लावणार आता, तुमच्या अंगाचं माप घेतो. कठडा मनगटाला आला पायजे. हात खाली सोडा. ताठ उभ्या राहा."

मी उभी राहिले.

"ताठ, मावशी."

"हेच ताठ हाय," म्हणलं. "घे माप."

सुकन्या उठली. पाशाभाईच्या हातातला दोरा घेतला अन् तिनंच माप घेतलं. होते तशीच मापली.

संध्याकाळी सात पायऱ्या उतरले, सात चढले. पस्तीस राहिल्या.